लग्नाची थीम, परतभेटी आणि रिसेप्शन: ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तुळशीची लग्नं लागली की हे प्रश्न सुरू होतात आणि आषाढी जवळ येईपर्यंत थांबत नाहीत. तेच तेच प्रश्न एकत्र करून इथे उत्तरं दिली आहेत. आकडे शक्यतो ४०० पाहुण्यांच्या लग्नाचे आहेत, तुमच्या संख्येप्रमाणे कमीजास्त करून घ्या.

१. आमचं साधंच लग्न आहे. थीम लागतेच का?

नाही. पण दोन-तीन रंग आणि एक खूण आधी ठरली असली की पत्रिका, मंडप, पाटावरचं कापड, रुखवत आणि परतभेट (रिटर्न गिफ्ट) एकमेकांशी जुळतात आणि ऐनवेळची खरेदी कमी होते. खूण म्हणजे कोयरी, तोरण, वारली चौक, कमळ, काहीही चालेल. ती चार ठिकाणी दिसली की पुरे: पत्रिकेवर, प्रवेशद्वाराशी, स्टेजवर आणि परतभेटीच्या पिशवीवर. जेवणाच्या टेबलापासून खुर्चीच्या पाठीपर्यंत सगळीकडे ओढत नेली की खर्च दुप्पट होतो आणि फोटोत वधूवरच हरवतात.

२. आधी थीम ठरवायची की हॉल?

आधी मुहूर्त, मग कुटुंबांची यादी, मग हॉल, मग जेवण आणि त्यानंतर थीम. उलटं केलं की अडतं. फिकट गुलाबी थीम ठरवून ठेवायची आणि हॉलच्या भिंती मरून रंगाच्या निघायच्या, तर त्या झाकायलाच निम्मं बजेट जातं. हॉल बघायला जाताना भिंत, गालिचा आणि खुर्च्यांचे कव्हर यांचे फोटो काढा, तेही हॉलचे सगळे दिवे लावून. रंग त्यावरून निवडा.

३. हॉल बुक करताना काय काय विचारून घ्यावं?

सत्राच्या वेळा सगळ्यात आधी. बहुतेक कार्यालयं सकाळ आणि संध्याकाळ अशी दोन सत्रं देतात. संध्याकाळचं सत्र पाचला सुरू होत असेल आणि सकाळचं लग्न साडेतीनपर्यंत चाललं, तर डेकोरेटरला जेमतेम दीड तास मिळतो. तेवढ्यात ताजी फुलं बांधून होत नाहीत. फुलांचे पॅनेल बाहेरून तयार करून आणावे लागतात आणि डेकोरेटरला हे महिनाभर आधी माहीत असावं लागतं.

बाकीचे प्रश्न असे: बाहेरचा डेकोरेटर आणि केटरर चालतो का, चालत असेल तर त्याचे वेगळे पैसे किती? एसी किती वाजता लावणार? जनरेटरवर एसी चालतो की फक्त दिवे आणि पंखे? होम आतच करता येतो का आणि धुराचा सेन्सर बंद कोण करणार? भिंतीला खिळा, टेप, हुक यांपैकी काय चालतं? लिफ्टमध्ये व्हीलचेअर मावते का? सांगितलेला दर जीएसटी धरून आहे का? सगळी उत्तरं पावतीवर लिहून घ्या. बुकिंग घेणारा मॅनेजर लग्नाच्या दिवशी हजर असेलच असं नाही.

४. मराठी वळणाची, पण सगळीकडे दिसते तशी नको, अशी थीम सुचवा.

नाकातली नथ आणि फेटा यांच्या पलीकडे बरंच आहे.

*खण.* जांभळा, आंबा पिवळा, पोपटी आणि किरमिजी हे रंग मुळातच एकत्र शोभतात. पाटावरची आच्छादनं, रुखवताच्या टेबलाची झालर, परतभेटीची बटवी हे सगळं एकाच ठाणातून निघतं. साधारण ३० इंच पन्ह्याच्या एक मीटर खणात ८ × ६ इंचाची ८ बटवी बसतात (प्रत्येकी ९ × १४ इंचाचा तुकडा). १७५ बटव्यांना २२ मीटर लागतं, २४ घ्या. शिवायच्या आधी एक तुकडा भिजवून पांढऱ्या कापडावर दाबून पाहा. गडद रंग सुटत असेल तर ओल्या फुलांजवळ तो खण नको.

*वारली.* आज पालघर जिल्ह्यात असलेला डहाणू-तलासरी-जव्हारचा पट्टा १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता, त्यामुळे ही थीम ठाणेकरांना परकी नाही. शिवाय वारली चित्रांचं मूळ लग्नाशीच जोडलेलं आहे. लग्नघरात सवाष्णी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात आणि त्यात पालघट देवी असते. म्हणूनच एक आग्रह: देवीचा चौक सेल्फी पॉइंटवर किंवा पायपुसण्यावर छापू नका. तारपा नाच, झाडं, पक्षी, लग्नाची मिरवणूक खुशाल घ्या. इंटरनेटवरून उचलून फ्लेक्सवर छापण्यापेक्षा वारली कलाकाराकडून ८ × ८ फुटांचं कापड रंगवून घ्या. किमान सहा आठवडे आधी सांगा. लग्नानंतर ते घरात लावता येतं.

*खाडी आणि फ्लेमिंगो.* ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) दर्जा मिळाला. नवी मुंबईच्या लग्नाला फिकट गुलाबी, राखाडी आणि खारफुटीचा हिरवा ही रंगसंगती छान जमते. हिवाळ्यापासून मेपर्यंत पक्षीही इथेच असतात. प्लॅस्टिकचे उभे फ्लेमिंगो मात्र टाळा. कागदी किंवा भरतकामाचे पक्षी कितीतरी देखणे दिसतात.

*तलाव.* ठाण्याच्या तलावांवरून सुचणारी थीम: पितळी उरळ्या (पसरट भांडी), त्यात कमळं आणि तरंगत्या पणत्या. उरळी वाटेच्या मधोमध ठेवू नका, नऊवारीचा काठ आणि पणती जवळ यायला नकोत. पणत्या तलावात सोडायचा हट्टही नको.

५. फुलं किती लागतात आणि कुठून घ्यावीत?

मध्यम आकाराच्या झेंडूच्या एका किलोत दाट ओवलेली ८ ते १० फूट माळ होते. प्रवेशद्वाराची कमान, स्टेजच्या कडा आणि दोन खांब मिळून साधारण २०० फूट धरले तर २२ ते २५ किलो झेंडू लागतो. मुंबईत दादर स्टेशनजवळचा फूलबाजार आणि कल्याणच्या बाजार समितीतला फूलबाजार, दोन्हीकडे पहाटे गेलात तरच निवड मिळते. थोडी फुलं हवी असतील तर ठाण्यात जांभळी नाका पुरतो. दसरा, दिवाळी आणि मार्गशीर्षातले गुरुवार यांच्या आसपास भाव चढतात. मोगरा मार्च ते जूनमध्ये भरपूर असतो. डिसेंबरच्या लग्नात मोगऱ्याचाच हट्ट धरला तर पैसे जास्त आणि कळ्या बारीक, त्यापेक्षा शेवंती आणि निशिगंध घ्या.

झेंडू आणि शेवंती आदल्या रात्री बांधली तरी दुसऱ्या संध्याकाळपर्यंत टिकते. गुलाबाच्या पाकळ्या चार-पाच तासांत काळवंडतात, त्या शेवटी पसराव्यात. लिलीतले परागकोष कात्रीने आधीच काढून टाका, रेशमावर पडलेला पिवळा डाग निघता निघत नाही. वरमाला पाण्यातून काढून लगेच गळ्यात घातल्या की पैठणी आणि शेरवानी ओली होते. तासभर आधी झटकून मलमलच्या कापडावर ठेवा.

६. सजावट डोळ्यांना छान दिसली, फोटोत रंगच बदलले. असं का होतं?

दिव्यांमुळे. स्टेजवर जांभळे-निळे एलईडी मारले की पिवळा झेंडू राखाडी आणि हळदीचा चेहरा हिरवट दिसतो. डेकोरेटरला सांगा, वधूवरांच्या तोंडावर फक्त उबदार पांढरा उजेड (२७०० ते ३२०० केल्विन), रंगीत दिवे मागच्या पडद्यावर. फोटोग्राफर आणि लाइटवाला यांचं एकदा फोनवर बोलणं करून द्या. उघड्यावर लग्न असेल तर सूर्यास्तही बघा: डिसेंबरच्या सुरुवातीला सहाच्या सुमारास होतो, मेअखेर सात वाजून गेल्यावर. गोरज मुहूर्ताच्या फोटोंसाठी हा तासाभराचा फरक मोठा असतो.

७. हळदीचा कार्यक्रम हॉलमध्येच करायचा आहे. डाग पडले तर?

पैसे कापले जातात, म्हणून हळदीची जागा वेगळी मागा: गच्ची, पोडियम किंवा फरशीचा कोपरा. खाली जुनी सतरंजी आणि त्यावर जाड चादर घाला. प्लॅस्टिक अंथरलं तर तेलकट पायांनी माणसं घसरतात. हळद चांगल्या दुकानातली किंवा घरी दळलेली असावी. आदल्या दिवशी नवऱ्या मुलीच्या कोपराच्या आतल्या बाजूला लावून चोवीस तास बघा. पांढऱ्या सुती कपड्यावरचा डाग धुऊन कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवला की बराच फिका पडतो, कारण हळदीचा रंग उन्हात विरतो.

८. परतभेटी किती घ्यायच्या? माणशी की घरटी?

घरटी. ४०० पाहुणे म्हणजे साधारण १६० कुटुंबं, त्यात दहा टक्के वाढीव धरून १७५. एकेकटे येणारे ऑफिसचे सहकारी जास्त असतील तर २०० घ्या.

चुकतं ते वाटण्यात. स्टेजवर दिल्या की रांग अडते. प्रवेशाशी दिल्या की पाहुणा रात्रभर पिशवी सांभाळतो आणि शेवटी खुर्चीखाली विसरून जातो. जेवणाच्या जागेतून बाहेर पडायच्या वाटेवर टेबल लावा. तिथे नातेवाईक ओळखणारी एखादी मावशी किंवा आत्या आणि मदतीला एक तरुण मुलगा असे दोघे बसवा. अर्धा माल टेबलाखाली झाकून ठेवा, सगळा समोर मांडला की पहिल्या तासातच एका घरात तीन जातात.

९. परतभेट काय द्यावी?

लोक लोकलने, रिक्षाने, बसने घरी जातात हे ध्यानात ठेवून निवडा. हातात मावणारं, न सांडणारं, अर्ध्या किलोच्या आतलं.

तुळशीचं किंवा मोगऱ्याचं रोप सगळ्यांना आवडतं, पण १७५ कुंड्यांना टेम्पो लागतो, लिफ्टमधून चढवायला तासभर जातो आणि त्याच सकाळी पाणी घातलेलं असेल तर पिशवीतून चिखल गळतो. पाणी आदल्या रात्री घाला. काचेच्या बरण्या जड होतात आणि फुटतात. खाऊ द्यायचा तर बेसनाचे किंवा रव्याचे लाडू, चिक्की, मेतकूट, लसणाची चटणी हे टिकतं. ओल्या नारळाची वडी आपल्या दमट हवेत दोन-तीन दिवसांत आंबते, ती नकोच. खाऊवर केल्याची तारीख लिहा. आंबेमोहोर तांदूळ खणाच्या बटव्यात (प्रश्न ४) आणि पितळी निरांजन, या दोन भेटी आमच्या मते सगळ्यात जास्त वापरात राहतात. वधूवरांची नावं वस्तूवर छापू नका, दोऱ्याने चिठ्ठी बांधा. नाव छापलेली वस्तू लोक वापरत नाहीत आणि टाकूनही देता येत नाही.

१०. प्लॅस्टिकबंदीत नेमकं काय येतं?

थर्माकोलची सजावट, प्लॅस्टिकचे चमचे, पेले, ताटल्या, स्ट्रॉ, फुग्यांच्या काड्या, तसंच मिठाईच्या डब्यांवर आणि पत्रिकांवर गुंडाळायची पातळ प्लॅस्टिक फिल्म, हे सगळं १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहे. महाराष्ट्रात त्याआधी २०१८ पासूनच बंदी होती. परतभेटीच्या डब्यावरची चकचकीत फिल्म लोकांच्या लक्षात येत नाही, पण तीही यातच. कागदी पट्टी किंवा सुती दोरा वापरा. डेकोरेटर थर्माकोलची अक्षरं देतो म्हणाला तर एमडीएफ (दाबलेल्या लाकडी भुशाचा बोर्ड) किंवा पुठ्ठ्याची मागा.

११. पत्रिकेत "कृपया आहेर आणू नये" लिहिलं, तर परतभेट द्यायची का?

द्यायला हरकत नाही, ती आहेराची परतफेड नव्हे. पण मानपानाच्या वस्तू वेगळ्या ठेवा: मामा, आत्या, करवल्या, गुरुजी, मेहूण. त्यांच्या साड्या, टॉवेल-टोपी, ओटीचं सामान नावाची चिठ्ठी लावून एका पेटीत आणि पेटीची किल्ली एकाच माणसाकडे. ही पेटी आणि परतभेटीचं टेबल एकत्र केलं की हमखास कुणाचा तरी मान द्यायचा राहून जातो आणि रुसवा वर्षभर पुरतो.

१२. रिसेप्शनला रांग फार लांबते. काय करावं?

गणित करा. एका कुटुंबाला स्टेजवर ४० सेकंद धरले तर १६० कुटुंबांना १०७ मिनिटं लागतात. म्हणजे सातचं रिसेप्शन आणि वधूवर आठला आले, तर पावणेदहा वाजणारच. उपाय तीन. एका बाजूने चढायचं, दुसऱ्या बाजूने उतरायचं. घरच्यांचे ग्रुप फोटो सात वाजायच्या आत उरकायचे. आणि वधूचा मेकअप आणखी लवकर सुरू करायचा, कारण उशीर नव्वद टक्के वेळा तिथेच होतो. केसांसकट दोन ते अडीच तास धरा. पायऱ्यांना कठडा मागा. आजी-आजोबांना स्टेजवर चढवण्यापेक्षा वधूवरांनी खाली येऊन नमस्कार करणं सोपं आणि शोभूनही दिसतं.

१३. पंगत की बुफे? जेवण किती सांगावं?

एका वेळी १०० पानं बसत असतील तर ४०० माणसांच्या चार पंगती होतात, एका पंगतीला ३५ ते ४० मिनिटं. दुपारच्या लग्नाला हे जमतं, संध्याकाळी घाई होते. बुफेला दर १०० माणसांमागे दोन्ही बाजूंनी वाढून घेता येईल असं एक टेबल लागतं. मधला मार्ग चांगला चालतो: व्याही, ज्येष्ठ आणि वऱ्हाडी मंडळींना केळीच्या पानावर एक पंगत, बाकीच्यांना बुफे.

शंभर माणसांच्या पारंपरिक जेवणाचा अंदाज: मसालेभाताला ७ किलो तांदूळ, वरणभाताला ४ किलो, पुऱ्या ४०० ते ५०० (कणीक साडेसात-आठ किलो), जिलेबी ८ ते ९ किलो, मठ्ठा २० लिटर, म्हणजे एक भाग दही आणि दोन भाग पाणी. मठ्ठा आंबट होतो तो सकाळी एकदम ढवळून ठेवल्यामुळे. दोन-तीन हप्त्यांत करायला सांगा.

केटररला अंतिम आकडा चार दिवस आधी द्या आणि तो थोडा कमीच द्या. दहा टक्के जास्त ताटं तो सांभाळू शकतो, पण खात्रीच्या आकड्यापेक्षा कमी माणसं आली तरी पैसे तेवढेच लागतात. फोटोग्राफर, बँडवाले, मेकअप, ड्रायव्हर यांची २५ ते ३० ताटं वेगळी धरा. ताटं मोजायला आपला एक माणूस उभा करा.

१४. डीजे किती वाजेपर्यंत? गाण्यांचं लायसन्स लागतं का?

ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. बंदिस्त हॉलमध्ये आतल्यापुरता आवाज चालतो, पण तो बाहेर ऐकू येऊ लागला की तक्रार होतेच. हॉस्पिटल, शाळा, न्यायालय यांच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात वरात आवाज बंद करूनच न्या. संगीताचा कार्यक्रम सव्वाआठ ते पावणेदहा असा ठेवा. रिसेप्शनला आधीच उशीर होत असेल तर आधी प्रश्न १२ सोडवा.

गाण्यांचं म्हणाल तर कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये लग्न, वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ यांना सूट आहे. हॉलवाल्याने त्यासाठी वेगळे पैसे मागितले तर हे कलम दाखवा.

१५. अक्षता किती आणि कशा कराव्यात?

४०० माणसांना ४ किलो तांदूळ, माणशी १० ग्रॅमची कागदी पुडी. तांदूळ अखंड हवा, तुकडा नको. किलोला दोन चमचे कुंकू किंवा एक चमचा हळद आणि बोटभर तूप चोळून पेपरवर दोन तास वाळवा. पाणी घातलं की गोळे होतात. तांदूळ वाया घालवायचा नसेल तर पाकळ्या चालतात, पण पॉलिश फरशीवर त्या निसरड्या होतात, झाडू घेऊन एक माणूस ठेवा.

१६. लग्न ठाण्यात, वऱ्हाड पनवेल-नेरुळचं. रविवारी काय काळजी घ्यावी?

रविवारचा मेगाब्लॉक. तो बहुधा सकाळी उशिरा सुरू होऊन दुपारी चारपर्यंत असतो, कधी मध्य मार्गावर, कधी हार्बरवर, तर कधी ठाणे-वाशी-पनवेल ट्रान्स हार्बरवर. वेळापत्रक शनिवारपर्यंत जाहीर होतं, ते लगेच पाहुण्यांच्या ग्रुपवर टाका. घोडबंदर रोडवर हॉल असेल तर संध्याकाळी माजिवडा-कापूरबावडीच्या पुढे गाडीला पाऊण तास जादा धरायला सांगा. गुगलची पिन हॉलच्या नावावर न लावता पार्किंगच्या गेटवर लावा.

१७. येऊरला किंवा लॉनवर करावं का?

लॉन नोव्हेंबर ते मार्चमध्ये चांगलं. मेच्या शेवटी वळवाचा पाऊस आणि ऑक्टोबरात परतीचा, दोन्हींसाठी शेड हवीच. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या पर्यावरण संवेदनशील क्षेत्रात येतं. तिथे फटाके, मोठा आवाज, प्रखर फिरते दिवे यांचा विचारही करू नका. दणक्यात वरात हवी असेल तर जागा दुसरी निवडा.

१८. ड्रोन शूटिंग?

बुकिंगच्या आधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन नकाशावर जागेचा रंग बघा. लाल किंवा पिवळा असेल तर परवानगीशिवाय उडवता येत नाही. नवी मुंबई विमानतळ सुरू झाल्यापासून पनवेल-उलवे पट्ट्यात जुन्या सवयीने ड्रोन उडवणं धोक्याचं आहे. कधी कधी पोलिसांचे तात्पुरते बंदी आदेशही असतात.

१९. मुलगा आगरी, मुलगी देशस्थ ब्राह्मण. हळद आणि लग्न दोन्हींचा मान कसा राखायचा?

दिवस आणि स्वयंपाक वेगळे ठेवा. आगरी-कोळी घरातली हळद हा आदल्या रात्रीचा मोठा सोहळा असतो. त्यात धवलारीण (धवले म्हणजे पारंपरिक लग्नगीतं म्हणणारी), बेंजो आणि मांसाहारी जेवण अपेक्षित असतं. ती मुलाकडच्या गावातच, अंगणात होऊ द्या. बरीच कार्यालयं फक्त शाकाहारी असतात, तिथे हा कार्यक्रम बसवायला गेलं की दोन्ही बाजू नाराज होतात. लग्नात धवल्यांना मंगलाष्टकांआधी दहा मिनिटं राखून ठेवा आणि गुरुजींना आधीच कल्पना द्या. थीमचा रंग दोन्ही घरांनी मिळून निवडा, पत्रिका मात्र दोन वेगळ्या छापा, कारण कुलदेवता आणि मानाची नावं वेगळी असतात.

२०. आम्ही फक्त रजिस्टर लग्न करून रिसेप्शन देणार आहोत. हॉलची तारीख कशी ठरवावी?

विशेष विवाह कायदा १९५४ खाली नोटीस दिल्यावर ३० दिवस थांबावं लागतं आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न व्हावं लागतं. दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात नोटिशीआधी ३० दिवस वास्तव्य केलेलं असावं आणि लग्नाला तीन साक्षीदार लागतात. म्हणून रिसेप्शन नोटिशीनंतर ४५ ते ६० दिवसांनी ठेवा. आधीच पत्रिका वाटून नंतर नोटीस द्यायला गेलात तर एक हरकत आली तरी तारीख हलते.

धार्मिक विधीने लग्न करणाऱ्यांनी नोंदणी नंतर महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात करायची असते. तिथे छापील पत्रिका, लग्नाचा फोटो, गुरुजींची सही आणि तीन साक्षीदार लागतात. पत्रिका नुसत्या व्हॉट्सअॅपवर पाठवणार असाल तरी दहा प्रती छापून ठेवा.